जेडींचा पसारा: पदवर्णनं एका जागी लावायची आणि चालू कशी ठेवायची?

वर्धारोडची

नमस्कार मंडळी. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतला इंजिनिअरिंग कारखाना, पटावर ३४० माणसं. जेडीच्या (जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे पदवर्णनाच्या) वर्ड फायली शंभराच्या वर. काही एचआरच्या शेअर्ड ड्राइव्हवर, काही विभागप्रमुखांच्या मेलमध्ये, काही क्वालिटीच्या आयएसओ फाइलमध्ये, आणि एकाच पदाचा मजकूर तिन्हीकडे निराळा. भरतीच्या वेळी जी हाताला लागेल ती वापरली जाते. हे एकदा नीट लावायचं आहे आणि लावल्यावर तसंच टिकायला हवं आहे. सुरुवात कुठून करायची, क्रमांक कसे द्यायचे, आढावा किती महिन्यांनी घ्यायचा, सॉफ्टवेअर घ्यावं का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

हिंगणा टी पॉइंट

ताई, त्या फायली आधी उघडूच नका. पगारपत्रकापासून सुरू करा.

चालू महिन्याच्या पगारपत्रकातून कर्मचारी क्रमांक, पदनाम, विभाग, ग्रेड आणि वरिष्ठ एवढे रकाने एक्सेलमध्ये काढून पदनामावर सॉर्ट करा. ‘असिस्टंट मॅनेजर’ या एका नावाखाली स्टोअर बघणारा, डिस्पॅच बघणारा आणि मेंटेनन्सचे स्पेअर मागवणारा असे वेगवेगळे लोक निघतील. म्हणजे ते पद नाहीच, ती ग्रेड आहे. उलट ‘सीएनसी ऑपरेटर’, ‘मशिनिस्ट’, ‘टर्नर-सीएनसी’ आणि ‘ऑपरेटर ग्रेड २’ ही चार नावं असतील आणि काम एकच असेल. म्हणून आणखी एक रकाना जोडा: प्रत्यक्ष काम, चार-पाच शब्दांत. हा रकाना विभागप्रमुखासमोर बसून भरायचा. मेलवर मागवला तर पदनामच पुन्हा लिहून येतं.

त्या रकान्यावर गट पाडले की जितके गट तितक्या जेडी. बारा ऑपरेटर तेच मशीन त्याच अधिकाराने चालवत असतील तर जेडी एक, जागा बारा. जुन्या फायली आता उघडायच्या. प्रत्येक गटासमोर त्यातल्या त्यात अलीकडची फाइल कच्चा मसुदा म्हणून ठेवा. ज्या फाइलला गट मिळाला नाही ती ‘जुनी’ फोल्डरमध्ये टाका, पण पुसू नका.

जेडी पदाची असते, माणसाची नाही, हे विभागप्रमुखांना पहिल्याच बैठकीत सांगून द्या. स्टोअरकीपरला हिशेब चांगला जमतो म्हणून तो किरकोळ रोखही सांभाळतो, असं असतं. तो गेल्यावर पुढचा स्टोअरकीपर रोख सांभाळणार आहे का? नसेल, तर ते काम त्या जेडीत यायला नको.

मास्टरलिस्ट

डॉक्युमेंट कंट्रोलच्या बाजूने लिहितो. गट ठरले की लगेच नोंदवही उभी करा, एकही जेडी नव्याने लिहिण्याआधी. एकच एक्सेल शीट, एका ओळीत एक जेडी. रकाने असे: जेडी क्रमांक, पदाचं नाव, विभाग, ग्रेड, कोणत्या जेडी क्रमांकाला रिपोर्ट करतं, मंजूर जागा, भरलेल्या जागा, रिव्हिजन, लागू तारीख, मागचा आढावा, पुढचा आढावा, जबाबदार विभागप्रमुखाचं पद, कायद्याने लागणारं प्रमाणपत्र, मराठी प्रत आहे का, फाइलची लिंक, आणि स्थिती. स्थिती तीनच ठेवा: मसुदा, चालू, बाद.

‘कोणाला रिपोर्ट’ या रकान्यात माणसाचं नाव नको, पदाचं नावही नको. तिथे जेडी क्रमांकच हवा. मग एक्सेलच्या काउंटइफ सूत्राने तपासता येतं की तो क्रमांक नोंदवहीत ‘चालू’ म्हणून आहे की नाही. उत्तर शून्य आलं की ती जेडी बंद झालेल्या पदाला रिपोर्ट करून राहिली आहे. विभागांची फेररचना झाली की सगळ्यात आधी हाच रकाना शिळा होतो, आणि तो शिळा झालेला कोणाच्या लक्षात येत नाही.

क्रमांक साधा ठेवा: जेडी-पीआरडी-०१४ (पीआरडी म्हणजे उत्पादन विभाग). त्यात ग्रेड नको, कारण ती बढतीला बदलते. फाइलच्या नावात रिव्हिजन जोडा: जेडी-पीआरडी-०१४_आर०३. ‘फायनल’, ‘नवीन’, ‘सरांनी बघितलेली’ हे शब्द फाइलच्या नावात बंद. आणि बाद झालेला क्रमांक दुसऱ्या पदाला कधीच द्यायचा नाही. दिला तर जुन्या नेमणूकपत्रातला संदर्भ भलत्याच जेडीकडे जातो.

मिहान लाइन

मास्टरलिस्ट साहेब, क्रमांकात विभागही नको असं माझं ठाम मत. पीपीसी (उत्पादन नियोजन विभाग) उद्या स्टोअरमध्ये विलीन झालं की क्रमांक खोटा पडतो, आणि बदलावा तर सगळे संदर्भ तुटतात. नुसता जेडी-०१४ ठेवा. विभाग नोंदवहीत आहेच, तिथे फिल्टर लावता येतो.

सॉफ्टवेअरबद्दल: शंभर-दीडशे जेडींना एक्सेल आणि व्हर्जन हिस्टरी असलेलं फोल्डर, म्हणजे शेअरपॉइंट किंवा गूगल ड्राइव्ह, पुरतं. एचआरएमएस (एचआरचं सॉफ्टवेअर) आधीपासून असेल तर त्यात जेडी कुठे जोडली जाते ते मात्र बघा. बहुतेक ठिकाणी पीडीएफ कर्मचाऱ्याच्या प्रोफाइलला अपलोड करतात. माणूस सोडून गेला की प्रोफाइल बंद, त्याबरोबर जेडीही नजरेआड, आणि नवीन भरतीला पुन्हा शोधाशोध. जेडी ‘पोझिशन मास्टर’ला, म्हणजे त्यातल्या पदांच्या यादीला, जोडली पाहिजे. मग जागा रिकामी असली तरी तिची जेडी जागेवर असते.

फोल्डर दोन. ‘संपादन’मध्ये वर्ड फायली, लिहिण्याचा अधिकार दोघांनाच. ‘वाचन’मध्ये फक्त चालू पीडीएफ, सगळ्यांना उघडता येतील पण बदलता येणार नाहीत. मेलला फाइल जोडायची नाही, लिंक द्यायची. मेलमध्ये गेलेली फाइल त्या क्षणापासून तुमच्या हाताबाहेर.

मास्टरलिस्ट

नुसता अनुक्रमांक चालेल, मान्य. फक्त छापील प्रतीवर विभाग ठळक दिसू द्या, कारण शॉप फ्लोअरवर लोक क्रमांकावरून काही ओळखत नाहीत. आणि तळटीप हवी: ‘छापील प्रत अनियंत्रित, चालू रिव्हिजन नोंदवहीत पाहावी’.

वर्धारोडची

हे अगदी कामाचं आहे. आता आतला मजकूर? आमच्या काही जेडी चार पानी आहेत, काही पाच ओळींच्या.

हिंगणा टी पॉइंट

दीड ते दोन पानं. वर पदाची ओळख, त्याखाली पदाचा हेतू दोन वाक्यांत, मग मुख्य जबाबदाऱ्या सहा ते आठ.

जबाबदारी लिहिताना क्रियापद, कशावर आणि काय साधण्यासाठी, तिन्ही हवेत. ‘मेंटेनन्सशी समन्वय’ यातून काही कळत नाही. ‘प्रतिबंधात्मक देखभालीचं मासिक वेळापत्रक उत्पादनाशी ठरवून घेणं आणि त्याप्रमाणे मशीन मोकळं करून देणं’ हे तपासता येतं. ‘मदत करणे’, ‘पाहणे’, ‘सहभागी होणे’ हे शब्द दिसले की थांबायचं आणि विचारायचं की सही कोणाची असते.

प्रत्येक जबाबदारीसमोर वेळेचा अंदाजे टक्का लिहा, बेरीज १००. ५ टक्क्यांखालचं काम दुसऱ्यात मिसळा किंवा काढा. टक्के लिहायला लागलं की चार पानी जेडी आपोआप आटोपशीर होते, कारण बेरीज १४० वर जायला लागते. काम कुठे साचून राहिलं आहे तेही तिथेच दिसतं.

त्यानंतर अधिकार. हा भाग लोक सोडून देतात आणि भांडणं इथेच होतात. लाइन थांबवणं, माल नाकारणं, ओव्हरटाइम मंजूर करणं, रजा मंजूर करणं, खरेदीची मागणी टाकणं यातलं हे पद न विचारता काय करू शकतं ते स्पष्ट लिहा. रकमेची मर्यादा जेडीत लिहू नका, अधिकार प्रदानाच्या तक्त्याचा क्रमांक द्या. मर्यादा वाढली की तक्ता एकच बदलतो.

याच कारणाने वर्षाची उद्दिष्टं केआरएमध्ये (उद्दिष्टपत्रात), कामाच्या पायऱ्या एसओपीमध्ये (कार्यपद्धतीच्या कागदात). पगार, माणसांची नावं, फोन क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती यातलं काहीच जेडीत नको. सुरक्षा, ५-एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत), गोपनीयता, लैंगिक छळ प्रतिबंधाचं धोरण हे सगळ्या पदांना सारखं आहे, ते एका सामायिक परिशिष्टात ठेवा, त्यालाही क्रमांक आणि रिव्हिजन द्या, आणि जेडीत त्याचा फक्त उल्लेख करा. नाहीतर एक वाक्य बदलायला शंभर फायली उघडाव्या लागतात आणि नव्वदच उघडल्या जातात.

‘वरिष्ठ सांगतील ती इतर कामे’ ही ओळ ठेवा, पण ‘पदाच्या स्वरूपाशी सुसंगत’ हे शब्द जोडून. नुसती ओळ वाद झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाही आणि माणसाला उगाच धास्तावते.

एक धोका सांगून ठेवतो. पोर्टलवर टाकलेली जाहिरात पुढे जेडी म्हणून फाइलला लागते. जाहिरात जेडीतून निघाली पाहिजे, उलट नाही. जाहिरातीत ‘डायनॅमिक’, ‘टीम प्लेअर’ वगैरे भर असतो आणि अधिकार, कामाची परिस्थिती गाळलेली असते. चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या मसुद्याचंही तेच होतं. वाचायला झकास, पण तुमच्या कारखान्यात नसलेली कामं त्यात असतात.

संत्राबर्फी

फूड प्रोसेसिंगवाली. दोन भागांकडे जास्त लक्ष द्या: शारीरिक गरजा आणि कायद्याने लागणारी पात्रता.

‘शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त’ हे लिहू नका. काम मोजून लिहा: ‘२५ किलोची गोणी जमिनीवरून १ मीटर उंचीच्या प्लॅटफॉर्मवर, एका पाळीत साधारण ४० वेळा’. असं लिहिलं की ट्रॉली किंवा होइस्ट दिल्यावर ते काम कोण करू शकेल हेही कळतं. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांना दिव्यांग हक्क कायदा, २०१६ आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे समान संधी धोरणात दिव्यांग व्यक्तींसाठी योग्य पदांची यादी द्यावी लागते. ती यादी अशाच जेडीतून निघते, अंदाजाने नाही.

उन्हाळा लिहाच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. यार्डात लोडिंग, फर्नेस, बॉयलर हाउस, पत्र्याच्या शेडमधलं पॅकिंग, या पदांच्या जेडीत ‘एप्रिल ते जून उघड्यावर किंवा उष्ण जागी काम, विश्रांतीची फेरी एसओपीप्रमाणे’ अशी ओळ हवी. बाहेरगावाहून येणाऱ्या उमेदवाराला मुलाखतीतच कल्पना येते.

पात्रतेत ‘आवश्यक’ आणि ‘अपेक्षित’ वेगळे ठेवा, आणि आवश्यकमध्ये कायद्याने लागणारं आधी. बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र, इलेक्ट्रिकल सुपरवायझरचा परवाना, अन्न उद्योगात एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) फॉस्टॅक प्रशिक्षण योजनेखाली दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर. बाजारगावकडे स्फोटकांचे कारखाने आहेत, त्यांना स्फोटके नियम, २००८ प्रमाणे बघावं लागतं. पेसोचं, म्हणजे स्फोटकांचे परवाने बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, मुख्यालय नागपुरातच आहे, शंका तिथे विचारता येते. प्रमाणपत्र हवं हे जेडीत. कोणाचं कधी संपतं हे स्किल मॅट्रिक्समध्ये (माणसागणिक कौशल्यांच्या तक्त्यात). तारखा जेडीत घातल्या की जेडी पुन्हा माणसाची होते.

वर्धारोडची

संत्राबर्फी ताई, तुमच्याकडे मराठी प्रती आहेत का? आमच्या सगळ्या इंग्रजीत आहेत आणि ऑपरेटर न वाचताच सही करतात.

संत्राबर्फी

शॉप फ्लोअरच्या सगळ्या पदांना मराठी प्रत हवीच. शब्दाला शब्द लावू नका. जॉब, सेटिंग, गेज, रिजेक्शन, फिक्श्चर हे शब्द तसेच ठेवा, वाक्य मराठी करा: ‘दर पाचवा नग गेजने तपासून नोंद करणे, सलग दोन नग बाहेर गेले तर मशीन थांबवून सुपरवायझरला बोलावणे’. मजकूर तयार झाला की त्या लाइनवरच्या दोघांकडून मोठ्याने वाचून घ्या. अडखळले तिथे वाक्य बदला.

दोन्ही भाषांची रिव्हिजन एकच राहिली पाहिजे, आणि वाद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य ते दोन्हींवर लिहा. जुन्या मराठी फायली श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोड करा. नाहीतर दुसऱ्या संगणकावर अक्षरांची खिचडी होते आणि फोल्डरमध्ये शोधल्यावर काही सापडत नाही. कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

कलम नऊ

कायद्याची बाजू. जेडीत ‘सुपरव्हाइज करतो’ लिहिलं म्हणून माणूस कामगाराच्या व्याख्येबाहेर जात नाही. अर्काल गोविंद राज राव विरुद्ध सिबा गायगी (१९८५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुख्य काम कोणतं ते बघायला सांगितलं आणि हुद्द्याला गौण मानलं. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात पर्यवेक्षी कामासाठी वेतनाची मर्यादा महिना १८,००० रुपये आहे, त्यावर वेतन असलेला पर्यवेक्षक कामगार धरला जात नाही. जुन्या कायद्यात, म्हणजे औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये, ती १०,००० होती. पण वेतनाचा प्रश्न नंतरचा, आधी काम खरोखर पर्यवेक्षी आहे का ते. रजा मंजुरी, कामाचं वाटप, मूल्यमापन यातलं काही त्या माणसाच्या हातात नसेल तर जेडीतले मोठे शब्द उलटतपासणीत टिकत नाहीत. वरचे टक्के आणि अधिकाराचा भाग खरा लिहा, तोच पुरावा.

दुसरं. जेडी नेमणूकपत्राचा भाग म्हणून टाचू नका. पत्रात ‘पदवर्णन क्र. अमुक, वेळोवेळी सुधारल्याप्रमाणे’ असा संदर्भ द्या. आणि जेडीच्या नावाखाली पाळी, कामाचे तास, ग्रेडमधलं वर्गीकरण बदलत असाल तर थांबा. ते सेवाशर्तींतले बदल आहेत. जुन्या कायद्यात त्यांना कलम ९-अ ची २१ दिवसांची नोटीस लागायची, संहितेत कलम ४० आहे. जेडीवर सही घेतली म्हणून नोटीस सुटत नाही.

बाद झालेल्या रिव्हिजन जपून ठेवा. वाद जेव्हा उभा राहतो तेव्हा ‘त्या तारखेला कोणती जेडी लागू होती’ हा प्रश्न येतो, आजची दाखवून भागत नाही.

वर्धारोडची

आता मुख्य प्रश्न. लावलं तर लावलं, ते शिळं होऊ नये म्हणून काय? सध्या दरवर्षी मार्चमध्ये सगळ्या विभागांना मेल जातो, ‘काही बदल असल्यास कळवावे’. उत्तर येतं, ‘ओके’.

मास्टरलिस्ट

‘ओके’ येणारच. मार्चमध्ये विभागप्रमुखाच्या डोक्यावर क्लोजिंग आणि अप्रेझल दोन्ही असतात. वार्षिक मोहीम बंद करा. काम बदलतं तेव्हा कुठला ना कुठला कागद आधीच फिरत असतो. जेडी त्या कागदाला बांधा.

भरतीच्या मागणीपत्रात दोन सक्तीचे रकाने घाला: जेडी क्रमांक आणि रिव्हिजन. खाली एकच प्रश्न, ‘पद आजही असंच आहे का?’ हो असेल तर सही. नसेल तर आधी जेडी सुधारायची, मगच जाहिरात. विभागप्रमुखाला माणूस तातडीने हवा असतो, त्यामुळे या टप्प्यावर तो खरोखर वाचतो. बाकी सगळ्या उपायांपेक्षा हा एक उपाय जास्त चालतो.

दुसरा कागद नवीन मशीन किंवा प्रक्रियाबदलाचा फॉर्म. त्यात एसओपी आणि प्रशिक्षणाच्या शेजारी ‘बाधित जेडी’ हा रकाना जोडा. तिसरा बदली-बढतीचा आदेश. चौथा विभागांच्या फेररचनेचं परिपत्रक, जे निघण्याआधी नोंदवहीच्या ‘रिपोर्ट’ रकान्यावर फिल्टर लावून बाधित क्रमांक काढायचे. अपघाताच्या चौकशीत ‘जबाबदारी स्पष्ट नव्हती’ असा निष्कर्ष आला तर तोही इथे जोडा.

यातून सुटलेल्यांसाठी पाठीमागे एक जाळं ठेवा: सुरक्षा, क्वालिटी आणि परवान्याची पदं दर १२ महिन्यांनी, बाकीची २४ महिन्यांनी. तारखा महिन्यांवर पसरवा. समजा १०८ जेडी २४ महिन्यांवर पसरल्या, तर महिन्याला सरासरी साडेचार. पुढच्या आढाव्याच्या रकान्याला कंडिशनल फॉरमॅटिंग (तारखेप्रमाणे आपोआप रंग) लावा, ३० दिवस उरले की पिवळा, तारीख उलटली की लाल. मार्च-एप्रिल मोकळे ठेवा.

हिंगणा टी पॉइंट

आढाव्याची पद्धतही बदला. विभागप्रमुखाला पूर्ण फाइल पाठवून ‘तपासा’ म्हणू नका. त्या पदावरच्या माणसाकडून मागच्या पंधरवड्यात केलेल्या कामांची यादी घ्या, जेडीशेजारी ठेवा, आणि तिघांनी पंधरा-वीस मिनिटं बसून तीनच प्रश्न घ्या. यातलं काय बंद झालं? नवीन काय आलं? सही किंवा निर्णय कुठला वाढला-घटला? पहिल्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. लोक नवीन काम लगेच सांगतात, बंद पडलेलं कोणी सांगत नाही. त्यामुळे जेडी दरवेळी लांबत जाते आणि कोणी न भरणारी रजिस्टरं तिच्यात वर्षानुवर्षं राहतात.

एकाच पदावर दोन पाळ्यांत दोघं असतील तर दोघांच्या याद्या घ्या. रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे स्टोअरची किल्ली, रुग्णवाहिका बोलावणं, गेटपास अशी कामं असतात, ती दिवसपाळीच्या यादीत येत नाहीत.

मास्टरलिस्ट

यावरून रिव्हिजनचा नियम. जबाबदारी, अधिकार, रिपोर्टिंग किंवा आवश्यक पात्रता बदलली तर रिव्हिजन वाढते आणि पदावरच्या सगळ्यांची पोच पुन्हा घ्यायची. शुद्धलेखन किंवा फॉरमॅट बदलला तर रिव्हिजन तीच, बदलाच्या तक्त्यात तारीख टाकायची, पोच नको. आढावा झाला आणि काही बदललं नाही तर फक्त ‘मागचा आढावा’ ही तारीख बदलते. प्रत्येक किरकोळ बदलाला पोच मागितली की लोक वाचणं सोडतात. मंजुरीची तारीख आणि लागू तारीख वेगळ्या ठेवा, मध्ये प्रशिक्षणाला जागा मिळते.

ऑडिटचं म्हणाल तर आयएसओ ९००१:२०१५ मध्ये ‘जेडी हवी’ असं कुठेच लिहिलेलं नाही. ५.३ मध्ये भूमिका, जबाबदाऱ्या आणि अधिकार ठरवून ते कळवलेले आणि समजलेले असावेत असं आहे, ७.२ मध्ये सक्षमता आणि तिचा पुरावा, ७.५ मध्ये कागदपत्रांचं नियंत्रण. ऑडिटर फाइल बघून थांबत नाही, मशीनवर जाऊन विचारतो. वाहन उद्योगाला माल देत असाल तर त्या उद्योगाच्या दर्जा मानकाचं, आयएटीएफ १६९४९ चं, ५.३.२ बघा: दर्जाची जबाबदारी असणाऱ्यांना उत्पादन आणि माल पाठवणं थांबवण्याचा अधिकार हवा, तोही सगळ्या पाळ्यांत. तो तिसऱ्या पाळीत कोणाकडे आहे हे त्या पदाच्या जेडीत शब्दशः लिहा.

मिहान लाइन

महिन्यातून एकदा पगारपत्रक आणि नोंदवही एक्सेलच्या व्हीलुकअप सूत्राने जुळवा. तीन याद्या निघतात: जेडी क्रमांक नसलेले कर्मचारी, ‘बाद’ जेडीवर बसलेले कर्मचारी, आणि एकही माणूस नसलेल्या चालू जेडी. पगार बंद झाल्यावर लगेच, त्याच माणसाकडून हे करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

नोंदवहीत एनसीओ-२०१५ चा, म्हणजे केंद्राच्या व्यवसाय वर्गीकरणाचा, आठ अंकी कोडही टाकून ठेवा. त्या वर्गीकरणाशी पदं जुळलेली राहतात. पण तो अंतर्गत क्रमांक म्हणून वापरू नका, कारण दोन वेगळ्या जेडींना एकच कोड लागू शकतो.

वर्धारोडची

शेवटचे दोन. एकच माणूस दोन पदं सांभाळत असेल तर? आणि ठेकेदाराच्या माणसांना आमची जेडी द्यायची का? सध्या पॅकिंगमध्ये दिली जाते.

हिंगणा टी पॉइंट

दोन जेडी एकत्र करू नका. अतिरिक्त कार्यभाराचं पत्र द्या, त्यात दोन्ही क्रमांक, कोणत्या जबाबदाऱ्या घेतल्या, कोणत्या घेतल्या नाहीत, आणि शेवटची तारीख. दोन्ही कामांचे टक्के मिळून १०० करा, दुसऱ्या पदातलं जे मावत नाही ते कोणाकडे जाईल तेही लिहा. सहा महिन्यांनंतरही तसंच चालू असेल तर ते नवीन पद समजून त्याची वेगळी जेडी करा.

कलम नऊ

ठेकेदाराच्या माणसांना तुमच्या लेटरहेडची जेडी देणं आजच थांबवा. काम कोण ठरवतं, देखरेख कोणाची, यावर ठेका खरा की नावापुरता हे तपासलं जातं, आणि तुमची सही असलेली जेडी हा तुमच्याविरुद्धचा कागद ठरतो. ठेक्याच्या कराराला ‘कामाची व्याप्ती’ जोडा: कुठला माल, किती पेट्या, कोणत्या दर्जाने, कोणत्या वेळेत. माणसामाणसाला काम वाटणं ठेकेदाराच्या सुपरवायझरने करायचं. सुरक्षेच्या सूचना सगळ्यांना द्यायच्याच, त्या प्लांटच्या सुरक्षा नियमावलीतून द्या. पॅकिंगची तुमची जेडी फक्त पटावरच्या पॅकरसाठी ठेवा आणि ठेक्याच्या व्याप्तीचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या क्रमांकांनी लावा.